अर्धा साथिया

चुडामणची जावा मोटारसायकल पारोळ्याला आली ती ट्रकमधून, सरकीच्या पोत्यांमध्ये दोरांनी बांधून, वर गोधडी पांघरून. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. चौघांनी ती उतरवली आणि कमलबाईच्या ओसरीत उभी केली. गोधडी काढली तशी लाल टाकीवर ऊन पडलं, आणि गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून दाराशी आल्या.

"चालाडत का नही लयना रे?" कमलबाईनं भावाला विचारलं.

"इतला लांब रस्ता, अक्का. बठ्ठी धूय आंगवर येस तिन्हा. तुन्हा घर ठेवानी वस्तू, मयकट आनू का?"

कमलबाईला ते ऐकून बरं वाटलं. सासरी निघालेल्या लेकीला झाकून-पाकून आणावं तशी त्यानं गाडी आणली होती. त्यानं किल्ली फिरवली. दिव्याच्या डोक्यावरचा बारका लाल बल्ब लागला. हॉर्न वाजला, आणि बाया हसत मागे सरल्या.

"देख, जित्ती शे," चुडामण म्हणाला. "बॅटरी जित्ती तं गाडी जित्ती. माले आते शेतीमुये फिरानं व्हत नही. घरमा ठेवी तं मन्हा सालाना डोया तिन्हावर. हाऊ मन्हा जीव शे, अक्का. जीव कोनपान ठेवू? बहीणपानच ना? तू फक्त तिले मरू देऊ नको. आखाजीले मी एस्टीमा येसू, आन् तुले याच गाडीवर माहेरले लई जासू."

मग बशीतला चहा फुंकता फुंकता त्यानं दुसरी गोष्ट काढली. बाप दुष्काळाच्या साली गेला होता. वारस म्हणून सातबाऱ्यावर भावाबरोबर बहिणीचंही नाव लागलं होतं, कायदाच तसा. त्यामुळे त्याचं काम अडत होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की शिरपूरला हक्कसोडीच्या कागदावर एक सही करायची, एवढंच.

"करी टाकसू," कमलबाई म्हणाली. "त्यामा पुसनं काय?"

संध्याकाळी तिचा नवरा झुलाल घरी आला. तो मार्केटात मापाडी होता; दिवसभर काट्याकडे बघून त्याला कशाचंही वजन करायची खोड लागली होती. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"सात एकर काळी जमीन. तापीना काठ," तो म्हणाला. "सरकार पोरले देस, पोर भाऊले देस. येडं कोन, सरकार का पोर?"

"हिस्सा मागस तिन्हं माहेर तुटस. माले जमीन नको, माहेर पाहिजे. आखाजीले कोनी लेवाले उना नही तं त्या जमीनले काय झोका बांधू?"

"बांध. एक फांदी अर्धी तुन्ही शे."

"थट्टा करा! त्यानी त्यान्हा जीव मन्हा घर आनी ठेवा. तुम्हले दिसत नही का?"

"दिसस ना. स्टँडवर उभा शे."

कमलबाईनं भाकरीचं टोपलं जरा आपटूनच त्याच्या पुढ्यात ठेवलं.

झुलालला काय ठाऊक! नऊ वर्षांमागची ती आखाजी त्यानं पाहिली होती, पण तिच्या जागेवरून पाहिली नव्हती. त्या वर्षी कपाशी पिकली होती आणि चुडामणनं बापाशी भांडून ही जावा घेतली होती. गल्लीतल्या इतर सुनांना न्यायला त्यांचे भाऊ बैलगाड्या घेऊन आले, कुणी एस्टीनं आले. कमलबाईचा मुराळी आला फटफटीवर. नऊवारीचा काचा आवळून ती मागे बसली, एक हात भावाच्या खांद्यावर, दुसऱ्यात गाठोडं. किल्ला मागे गेला, शेतं मागे गेली, धुळ्याच्या पुढे तापीचा वारा लागला. वाटेतल्या बाया डोईवरचे हंडे धरून वळून बघत होत्या. त्याच दुपारी तिनं झोक्यावर बसून ओवी बांधली, ती अजून माहेरच्या पोरी म्हणत:

भाऊ मन्हा मुराई, उना फटफटीवर
धूय उडे रस्ताले, जशी हयद अंगवर

आई नव्हती, बाप गेला. आता माहेर म्हणजे भाऊ, आणि भाऊ म्हणजे आखाजीला दारात वाजणारा तो हॉर्न.

म्हणून ती गाडीला जपे. रोज फडक्यानं पुसे, शुक्रवारी हळदकुंकू वाही. आणि रोज संध्याकाळी, दिवा लावून झाला की, एकदा किल्ली फिरवून तो लाल बल्ब बघे. पहिले काही दिवस तो गुंजेसारखा लाल होता. मग विझत्या निखाऱ्यासारखा झाला. पंधराव्या दिवशी लागलाच नाही. तिनं किल्ली काढली, पदराला पुसली, पुन्हा घातली. हॉर्न दाबला. घशात अडकल्यासारखं काहीतरी कुरकुरलं आणि तेही थांबलं.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. एवढं एक काम सांगितलं होतं भावानं. तिला वाटलं, रोज किल्ली फिरवून आपणच तिचा जीव संपवला. दिवा जित्ता आहे का हे बघता बघता तेल आपणच जाळलं.

झुलालला तिनं सांगितलं नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अभिमनला बोलावलं. त्यानं बगलेची पेटी उघडून बॅटरी बाहेर काढली.

"पडीसन ऱ्हायनी का उतरसच, मामी. चार्जर लागी. घरना करंटवर लावानं, थोडं थोडं भरानं. पन पारोयामा भेटाव नही. हाई देखा, बॅटरीवर धुयाना दुकाननी चिठ्ठी शे. तठेच जा."

काळ्या बॅटरीच्या एका अंगाला ती चिठ्ठी होती, आणि दुसऱ्या अंगाला पांढऱ्या तेलरंगानं काढलेल्या दोन आडव्या-उभ्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. कमलबाईनं त्या ओळखल्या. मारवाड्याच्या दुकानातून नवी वस्तू निघते ती साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढून. शिलाईमशीन असो की घमेलं. हा साथिया घाईत काढलेला दिसत होता, नुसती फुली झाली होती, चार टोकांचे चार हात राहूनच गेले होते. अर्धा शकुन बरा नव्हे. तिनं कुंकू तेलात कालवलं आणि बोटानं चारी हात ओढून साथिया पुरा केला.

चैत्रात, आखाजीला पंधरा-सोळा दिवस असताना, पापडांच्या पैशाची पुरचुंडी कमरेला लावून ती धुळ्याच्या एस्टीत बसली. बॅटरी पत्र्याच्या डब्यात गोणपाटावर बसवली होती. डबा मांडीवर.

"बाई, डब्यात काय? लोणचं?" कंडक्टरनं विचारलं.

"भाऊनी बॅटरी."

"मग तिचं अर्धं तिकीट फाडू का?"

"फाड. पन मंग तिले खिडकीजोडे जागा देवी पडी."

पुढच्या बाकावरची म्हातारी हसली आणि सरकून बसली. कमलबाईही हसली. कितीतरी दिवसांनी.

दुकान आग्रा रोडच्या आतल्या बाजूला होतं. मागे घर, पुढे दुकान. नेमीचंद शेठ पन्नाशीचे, कपाळावर केशरी टिळा, बोटांना मात्र तेजाबाचे डाग. भिंतीला लागून बॅटऱ्यांची रांग मांडलेली होती आणि त्यांच्या भोकांतून बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता, भात शिजताना येतो तसा.

"चार्जर पाहिजे," कमलबाई म्हणाली. "मोटारसायकलना. गाडी उभी शे, चालत नही."

"कोणती गाडी?"

"जावा."

"म्हणजे सहा व्होल्ट. बसा, बाई." शेठनी आधी मोठी लोखंडी पेटी दाखवली, वर काटा, खाली फिरवायचा खटका. "हा गॅरेजवाल्यांचा. ट्रकची बॅटरी एका दिवसात भरतो. तुमच्या चिमण्या बॅटरीला लावला तर पाणी उकळेल, आतल्या पाट्या वाकतील."

"तान्हा पोरले पंगतमा बसाडासारखं."

शेठनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बराबर. मग हा." त्यांनी एक लाकडी फळी पुढे ओढली. फळीवर बल्बचा होल्डर, एक बारका धातूचा तुकडा, दोन वायरी. "बल्ब पेटतो, तेवढाच करंट पुढे झिरपतो. पंधराचा बल्ब लावला तर थेंब थेंब. सगळ्यात स्वस्त. खूप लोक नेतात."

"हात लागना तं?"

"तर बाई, भिंतीतला करंट सरळ अंगात. ओल्या हातानं तर विचारूच नका."

"मंग नको. मन्हा घर ननंदन्या पोरी येतीस आखाजीले. अजून काय शे?"

तिसरी एक काळी पत्र्याची डबी होती, पानाच्या डब्याएवढी. आत तारेचं वेटोळं, त्यामुळे भिंतीतला करंट भिंतीपाशीच राहतो आणि बॅटरीकडे सहा व्होल्ट तेवढे जातात. लाल चिमटा, काळा चिमटा. पंधरा दिवसांतून एक रात्र लावायची, भोकांची बुचं सैल करून, खोलीत विस्तव न ठेवता. पाणी कमी झालं तर औषधाच्या दुकानातलं शुद्ध पाणी घालायचं, विहिरीचं नाही.

कमलबाईनं तीनदा विचारून घेतलं. लाल कुठे, काळा कुठे. रात्रभर राहिला तर? वीज गेली तर? पावसाळ्यात? नेमीचंद शेठ सांगत राहिले. असं गिऱ्हाईक त्यांच्याकडे फार येत नसावं.

"गाडी किती दिवस उभी राहणार?"

"आखाजीलोंगच. मंग मन्हा भाऊ माले त्याच गाडीवर लई जाई."

"मग हाच घ्या. थांबा, तुमच्या बॅटरीला लावूनच दाखवतो. लाल कुठं लावायचा ते डोळ्यांनी बघा."

तिनं डबा उघडला. शेठनी बॅटरी उचलून बाकावर ठेवली, फिरवली, आणि त्यांचे हात थांबले.

"हा साथिया कोणी काढला?"

"तुम्हनाच शे ना? अर्धाच व्हता. हात काढाना ऱ्हाई गयथात. मी पुरा करा."

काचेची पिचकारी घेऊन शेठनी तिन्ही भोकांतलं पाणी एकेकदा ओढून पाहिलं. पहिल्यात पिचकारीतला काटा जरासा तरंगला. दुसऱ्यात बुडाला. तिसऱ्यातलं पाणी तर गढूळ होतं, काथ कालवल्यासारखं. त्यांनी चार्जरची काळी डबी उचलली आणि परत कपाटात ठेवली.

"शेठ, काय झायं? मी मारी टाकी का तिले? रोज किल्ली फिरावत व्हतू मी. खरं सांगा."

"नाही, बाई. तुम्ही नाही मारली."

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. दोन महिन्यांचा धोंडा. तिनं डोळे मिटले, कपाळाला हात लावला. "देवनी दया," ती म्हणाली. "माले वाटनं, भाऊले आते काय त्वांड दाखाडू."

नेमीचंद शेठ तिच्याकडे बघत उभे होते. बोलावं की न बोलावं, असं चाललं असावं. शेवटी म्हणाले, "तो साथिया नाही, बाई. ती माझ्या हातची फुली आहे. जी बॅटरी मेली, तिच्यावर मी फुली मारतो, म्हणजे कोणी नवी म्हणून कोणाला विकू नये."

"पन भाऊनी किल्ली फिराई तं लाल बल्ब लागना व्हता."

"लागणारच. चुडामण भाऊच ना तुमचे? तापीकाठचे? पौषात आले होते. इंजिन बसलेलं, पिस्टन आत जाम. गाडी भंगारात द्यायला निघाले होते, मग म्हणाले, नको, एके ठिकाणी ठेवायला कामाला येईल. मी म्हटलं, या बॅटरीत जीव नाही. तर म्हणाले, चालवायची कोणाला आहे शेठ, आठ-पंधरा दिवस बल्ब लागला पाहिजे, बस. मी भरून दिली. तोंडापुरती धरते तेवढी." त्यांनी डागाळलेली बोटं धोतराला पुसली. "मला काय माहीत, बाई, ते ठिकाण म्हणजे सख्खी बहीण."

बुडबुडे वाजत राहिले. आतल्या दारातून शेठाणी, सायरबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कमलबाईच्या हातात तांब्या देत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "थोडं हळू सांगायचं होतं."

"हळू सांगून काय कमी झालं असतं?" शेठ म्हणाले.

कमलबाई पाणी प्यायली. तिच्या मनात ट्रक आला, सरकीची पोती, गोधडी. धूळ लागू नये म्हणून नव्हे. चालतच नव्हती म्हणून. चौघांनी उचलून आणली ते जपून नव्हे. मढं चौघंच उचलतात. एकेक गोष्ट उलटी होत गेली, जात्यात पीठ घालावं आणि खालून दाणे पडावेत तशी.

"बॅटरी इथंच ठेवू का?" शेठनी विचारलं. "ओझं कशाला नेता?"

"नही. मन्हापान ठेयेल शे ती."

परतीच्या एस्टीत कुणी काही विचारलं नाही. तिचं तोंड तसं होतं. रात्री तिनं झुलालला सगळं सांगितलं. तो थट्टा करील अशी तिची तयारी होती. तो म्हणाला, "जेवी ले," आणि स्वतःच उठून ताट वाढलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी चुडामण आला, सकाळच्या गाडीनं, पांढरीशुभ्र टोपी, हातात बांगड्यांचा डबा. भावाला उपाशीपोटी बोलायचं नाही, ही आईची रीत. कमलबाईनं खापरावर पुरणाचे मांडे केले होते, आंब्याचा रस काढला होता. तो पोटभर जेवला. वहिनीनं निरोप दिला होता, झोका बांधून तयार होता, पोरी वाट बघत होत्या. ती 'हूं हूं' करत वाढत राहिली. मग हात धुऊन म्हणाली,

"काढ गाडी."

चुडामण ओसरीत गेला. किल्ली फिरवली. बल्ब लागला नाही. किकला त्यानं पायही लावला नाही. हळूच वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकं खरं दुःख होतं की क्षणभर कमलबाईला वाटलं, आपणच मारली.

"अक्का," तो म्हणाला, "मरू दिन्ही ना तू तिले? एकच काम सांगं व्हतं मी तुले."

तिनं ओले हात पदराला पुसले.

"जाऊ दे. मी काय रागे भरत नही. बायामानूसले काय समजस त्यामा. चाल, एस्टीनंच जाऊ. वाटमा शिरपूरले उतरू, ती सही करी लेऊ, दिवेलागनीलोंग घर."

त्यानं तिला माफ केलं होतं! धुळ्याच्या दुकानात जे तुटलं नव्हतं, ते इथे, आपल्याच ओसरीत, या माफीनं तुटलं.

"चुडा," ती म्हणाली, "नेमीचंद शेठना दुकानले जाई उनू मी. चार्जर लेवाले."

त्यानं टोपी काढली. बराच वेळ तो टोपीची घडीच घालत राहिला.

"मी तुन्हं काय खादं, अक्का? तू तं अशीच सही करती."

"हां. अशीच करती. गाडी नसती आनी तरी करती. चहा पिता पिता करती. मंग हाई कसाले रे?"

"लोके सांगेत… आजकाल बहिनी कोर्टमा जातीस. भाऊजी मार्केटमा ऱ्हातस, चार लोकेस्मा. त्या तुले शिकाडतीन असं वाटनं. गाडी मरनी का तू शरमशी, आन् सहीले नही म्हनाव नही. भरोसा नव्हता."

"मन्हा?"

त्यानं टोपीची घडी खिशात घातली. एवढा वेळ कोरडे राहिलेले तिचे डोळे आता भरले. जमीन फसवून घेणं एक वेळ समजलं असतं. पण ज्या बहिणीनं त्याला खांद्यावर घेऊन तापी दाखवली, तिच्यावर त्याचा भरोसा नव्हता, आणि तिचा मात्र त्याच्यावर इतका होता की तिनं मेल्याच्या खुणेचा साथिया केला.

"आते जे झायं ते झायं," चुडामण म्हणाला. "सही तं करशी ना?"

"नही."

"अक्का, माहेर तुटी."

"ते तुटू नही म्हनीसन तं बाया हिस्सा सोडतीस, चुडा." ती शांतपणे म्हणाली. "तुन्ही ते तोडीच टाकं. तुटेल माहेरसाठे जमीन सोडू, इतली येडी नही मी. वाटनी मांगसू. साडेतीन एकर. काठनी."

तो थोडा वेळ उभा राहिला, जणू ही चेष्टा असेल आणि ती आता हसेल. मग बांगड्यांचा डबा खाटेवर ठेवून बाराच्या गाडीला निघून गेला. कोपऱ्यावर वळताना त्यानं मागे पाहिलं. ती दारात होती, नेहमीसारखी, भाऊ दिसेनासा होईपर्यंत.

संध्याकाळी झुलाल आला तेव्हा ती बांधून ठेवलेलं गाठोडं सोडून लुगडी दोरीवर टाकत होती.

"वाटनीना अर्ज कोनपान देतस?" तिनं विचारलं.

"मामलेदारपान. शिरपूरले." तो तिच्याशेजारी बसला. "इच्यार कर, कमल. मंग कोनीच येवाव नही तुले लेवाले."

"माहीत शे."

गल्लीत माहेरवाशिणी उतरत होत्या. समोरच्या लिंबाला झोका बांधला होता आणि पोरींनी गाणं धरलं होतं. त्यांतली एक, जीवराम आबाची लेक, दारावरून जाता जाता थबकली.

"अय्या, कमल अक्का! तू गयी नही का माहेरले? आवंदा नही?"

कमलबाईनं लुगड्याची सुरकुती हातानं सारखी केली.

"आते नही, माय," ती म्हणाली. "तू जा. झोका रिकामा शे."